एका नाकारलेल्या शोधाची वही

मी एक जुनी प्रयोगवही आहे. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी आणि पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. मित्रांनो, माझ्यावर लोक कप ठेवतात याचा मला मनस्वी राग येतो.

माझी मालकीण आज वकील आहे. लोकांच्या शोधांना पेटंट मिळवून देणं हे तिचं काम. पण आधी ती प्रयोगशाळेत होती. ओल्या भिंतीलाही घट्ट धरेल असा गोंद तिने तीन वर्षं खपून बनवला. एकशे बारा वेळा तो सुटला, एकशे तेराव्या वेळी त्याने धरलं. ते सगळं माझ्यात लिहिलेलं आहे. मग हुरळून जाऊन तिने एका परिषदेत त्याची कृती पोस्टरवर छापून लावली. टाळ्या मिळाल्या. आठ महिन्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की ही कृती आधीच जगजाहीर आहे, पेटंट मिळणार नाही. ते पत्र तिने त्याच गोंदाने माझ्यात चिकटवलं आणि ती कायदा शिकायला गेली.

आता नोकरीला अकरा महिने झालेत. कचेरीच्या माहितीपत्रकात प्रत्येक वकिलाची ओळख छापायची ठरली. तिने गोंदाची हकिगत लिहिली. मोठ्या वकीलसाहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली. "विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, एवढं पुरे. आपलं हसं कशाला करून घ्यायचं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण वहीचं कोण ऐकतं?

त्याच दुपारी नळदुरुस्ती करणारे एक काका आले. कधीच न गळणारा नळ त्यांनी बनवला होता आणि परवाच्या प्रदर्शनात तो उघडून दाखवणार होते.

"काका, आधी अर्ज करू, मग दाखवा."

"पोरी, नळाखाली वाकून माझे केस पिकलेत. तू कालची. मी साहेबांशीच बोलतो."

साहेब बाहेर गेले होते. तिने मला पुढे ओढलं, ते पत्र दाखवलं आणि ते त्याच गोंदाने चिकटवलंय हेही सांगितलं. काकांनी ते दोनदा वाचलं. मग त्याचा कोपरा नखाने उचलायला गेले, तर तो हलेना.

"चांगला धरतो की. मग हा तुझा नाही?"

"बनवला मीच. पण आता कोणीही बनवू शकतं."

"तेव्हा तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

काका चाचरत म्हणाले, "प्रदर्शन राहू दे. पण काल मी आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना व्हिडिओ पाठवलाय. त्याने काही बिघडत नाही ना?"

तिने डोळे मिटले. मी तर फाटायचीच बाकी होते.

"आतली रचना दिसते त्यात?"

"नाही. नळ बंद होतो, तेवढंच दिसतं."

तिने तो व्हिडिओ तीनदा पाहिला, मग अर्ज लिहायला घेतला. संध्याकाळच्या आत तो दाखल झाला. माहितीपत्रकही छापून आलं, नुसत्या दोन पदव्यांचं.

मित्रांनो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं तुम्ही घोकता. पण पुढच्याच्या तोंडावर लाल रेघ ओढली, तर मागच्याने शहाणं व्हायचं कसं?