आपोआपच्या गाडीला खालचा गिअर

माह्या सुनेनं बिनक्लचची गाडी घेतली, तवा म्या तिला तोंडावर सांगितलं, की हे गाडी चालवणं न्हाई, झोपाळ्यावर बसणं हाय. एकतीस वर्षं एसटी चालवली म्या. माणसाच्या हातात गिअरची दांडी पाहिजे. हिच्या गाडीत डावा पाय नुस्ता पाव्हण्यासारखा बसून. प्रियदर्शनी, म्हंजी आमची सून, घाटनांदूरच्या शाळेत बाई हाय. केजहून रोजचं जाणंयेणं, म्हणून गाडी. ती कधी चिडत न्हाई. "बरं मामा," म्हणती आन् तिला करायचं तेच करती. त्यानं मला जास्तच राग येतो.

त्या दिवशी आमी बीडला निघालतो. पोरगा तानाजी पुण्याला कामावर, म्हणून सून चालवायला, मी तिच्या शेजारी आन् माही बायको विमल मागं. नवी गाडी तिथल्या कंकालेश्वराच्या पायावर घालायची व्हती. त्यासाठी विमलनं तीन नारळ घेतले. एक गाडीचा, एक तानाजीचा, तिसरा कावून ते तिलाच ठाऊक. नारळाची पिशवी तिनं सुनेच्या शिटामागं खाली ठेवली. आन् निघताना मला शपथ घातली, की बीड येईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई, पोरीला शिकवायचं न्हाई.

नेकनूर गेलं, मांजरसुंबा गेलं, घाटाचा उतार लागला. सून आपली ब्रेकवर पाय देत देत उतरायली. एसटीत असं कुणी केलं असतं तर म्या त्याला खाली उतरवलं असतं. उतार गिअरवर उतरायचा असतो. खालच्या गिअरात गाडी टाकली की इंजिनच तिला मागं ओढून धरतं. नुस्ता ब्रेक मारत गेलं तर तो तापतो आन् ऐन वक्ताला हात वर करतो. सांगावं तर शपथ. माहा घसा खाजवायला लागला. खिडकीतून बाहेर बघत बसलो झालं.

तेवढ्यात शिटाखालून काहीतरी गडगडत पुढं गेलं. मला वाटलं पाण्याची बाटली असंल. गाडीनं उतारावर जोर धरला, आन् खाली वळणावर मेंढरं दिसली. तीन-चारशे पावलांवर. शंभर-दीडशे तरी असतील, सगळा रस्ता भरून, आन् मधी डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई.

"मामा, ब्रेक दबत नाही," सून म्हणली. आवाज एकदम बारीक.

वाकून बघतो तर पिशवीतला नारळ ब्रेकच्या मागं गच्च बसलेला. हात घालायला गेलो, पोचंना. मागं विमल देवाचं नाव घ्यायली. आन् मी, एकतीस वर्षांचा डायव्हर, काय ओरडलो असंल? क्लच दाब म्हणून ओरडलो. त्या गाडीत क्लच कुठून येणार, कपाळ माहं. काटा पासष्टवर. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. हँडब्रेकवर हात गेला, तो मागं घेतला. एवढ्या वेगात तो ओढला की गाडी गरकन फिरती.

"हिला गिअर हायत का न्हाई?" म्या विचारलं.

"आहेत. आपोआप पडतात."

"आपोआप नको. तू पाड. एकेक, खाली."

दांडीच्या बाजूला एम लिहिलं व्हतं, आन् अधिक-उणेच्या खुणा. शोरूमच्या माणसानं तिला सांगितलं व्हतं, की त्याचं तुम्हाला कधी काम पडणार न्हाई. तिनं दांडी तिकडं सारली, समोर पाचाचा आकडा उमटला. उणेकडं ढकलली, चार झाला. इंजिन गुरगुरलं आन् गाडीला मागून कुणीतरी धरल्यागत झालं. मी आकडे वाचत गेलो, ती दांडी ढकलत गेली. तीन. काटा पन्नासच्या खाली आला. जरा दम धर म्हणलं, मग दोन. इंजिन असं बोंबललं की बास. इंजिनाचं बोंबलणं इतकं गोड मला जन्मात लागलं न्हाई. एक आकडा आला, तवा म्या हँडब्रेक हळूहळू ओढला, कासऱ्यानं बैल आवरावा तसा. गाडी थांबली. मेंढरात आन् आमच्यात एक बैलगाडी मावंल एवढी जागा व्हती.

जीव भांड्यात पडला. लई मोकळं वाटलं, इतकं की विमलवर ओरडायचं सुद्धा सुधरलं न्हाई. मेंढरांचा मालक धुळाजी शिव्या द्यायलाच आलता, पण आमची तोंडं बघून थबकला. म्या नारळ काढून दाखवला. तो आधी नारळाकडं बघायला, मग विमलकडं, आन् हसायलाच लागला. बोचक्यावाली साखराबाई, त्याची बायको, तिनं पाणी दिलं. धुळाजीनं नारळ तिथंच दगडावर फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मेंढरं निवांत रस्ता ओलांडून गेली.

सून मात्र कडंला उभी व्हती. तिनं गाडीची किल्ली माह्यापुढं धरली.

"पुढं तुम्ही चालवा मामा. मी आता परत नाही बसायची."

एसटीत बघितलंय म्या. असा धसका बसला आन् माणसानं तिथंच स्टेअरिंग दुसऱ्याला दिलं, की त्याचा हात कायमचा भितो. ही पोर घरी बसली असती. शाळेला पुन्हा जीपच्या गर्दीत उभी राहिली असती.

"मला येत न्हाई ही गाडी," म्या म्हणलो. "मी क्लच दाब म्हणलो, ऐकलंस ना? माह्या हातात असती तर ती बाई गेली असती, आन् आपणबी. गाडी तू थांबवलीस. बस."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आन् बसली. दांडी आधीच दोनवर आणली, मगच हँडब्रेक सोडला. गाडी गुरगुरत, सावकाश, तिच्या हुकमात उतरायली.

डायव्हर माणसाला दुसऱ्याच्या गाडीत झोप येत न्हाई. डोळे मिटले तरी उजवा पाय ब्रेक हुडकत असतो. त्या दिवशी घाटाखालचं पाली गाव यायच्या आत मी घोरत व्हतो, असं विमल सगळ्या गल्लीला सांगती. खरं असंल.