अंगठ्याखालचा वारा

इंजिनानं ठसका दिला आणि हवा ओढायच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर फेकला.

मास्तरांनी झटकन बटण बंद केलं. त्यांची लेक आग विझवायचा सिलेंडर घेऊन धावली, पण जाळ आपोआप विझला होता. शेजारच्या शेडमधले मेकॅनिक डोकावून गेले.

“काय झालं, मास्तर?” लंबूनं विचारलं. शर्यतीत गाडी तो चालवणार होता. मागच्या मोसमात दुसऱ्या कुणी बांधलेल्या इंजिनानं असाच जाळ टाकला आणि त्याची मान भाजली. तेव्हापासून मास्तरांचा हात लागल्याशिवाय तो गाडीत बसत नसे.

“बघतो. हेल्मेट नको घालूस अजून.”

बाहेर गाड्या रांगेत लागायला सुरुवात झाली होती. लेकीनं लॅपटॉपवर नजर टाकली. “बाबा, क्रँकचा सेन्सर नीट वाचतोय. ठिणगी पडतेय, पण भलत्याच फेरीला.”

पिस्टन वर येतो तो दोन कामांसाठी. एका फेरीला पेट्रोल-हवा दाबायला, दुसऱ्या फेरीला धूर बाहेर ढकलायला. पिस्टन वर-खाली करणारा दांडा म्हणजे क्रँक; त्याच्या सेन्सरला दोन्ही सारख्याच. त्यातली दाबायची कोणती, हे झडपा उघडणाऱ्या कॅमचा सेन्सर सांगतो. आणि तो सकाळी मास्तरांनी स्वतः जुळवला होता.

“सरकला असेल.”

“बोल्ट घट्ट आहे.” लेकीनं आवाज खाली आणला. “प्लगच्या भोकावर अंगठा धरला होतात ना?”

“आयुष्यभर काय केलं मग? काढ पहिला प्लग.”

मास्तरांनी भोकावर अंगठा दाबला. लेक पान्यानं क्रँक हळूहळू फिरवू लागली. दाबायची फेरी आली की वारा अंगठ्याला ढकलतो.

“आला?”

मास्तरांनी अंगठा आणखी दाबला. “आला.”

“मी फिरवायची थांबलेय, बाबा.”

तिनं त्यांचा हात धरून उजेडात आणला. अंगठ्याच्या टोकाला पांढरा फोड आला होता, ताजा. गरम सायलेन्सरला कधीतरी लागलं असणार.

“हे कधी भाजलं?”

दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसे ते बघत राहिले. “माहीत नाही.” मग म्हणाले, “थंडी सरल्यापासून बोटं अशीच आहेत. आईला बोलू नकोस.”

“आईच्या कधीच लक्षात आलंय. तुम्ही बटणांचे शर्ट घालायचे सोडलेत.”

बाहेर भोंग्यावरून लंबूच्या गाडीचा पुकारा झाला. लंबू दारात येऊन उभा राहिला. मास्तरांनी लेकीच्या हातून पाना घेतला.

“तू धर अंगठा.”

ते फिरवू लागले. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“नाही... अजून नाही... आत्ता. ढकलतोय.”

मास्तरांनी क्रँकच्या पुलीवरची खूण जुळेपर्यंत फिरवलं आणि थांबले. पुढचं ते सांगत गेले, ती करत गेली. कॅमच्या टोकावरची चकती सैल केली, अर्धा फेरा फिरवली, सेन्सरसमोर आणून आवळली. प्लग बसवला. बटण दाबलं.

इंजिन खणखणीत चालू झालं. लेकीनं ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट पुलीवर धरला. उजेडात खूण जागच्या जागी गोठल्यासारखी दिसत होती, लॅपटॉपवरच्या आकड्याशी तंतोतंत. तिनं लाइट त्यांच्यापुढे केला.

“तू पाहिलंस ना?” मास्तर म्हणाले. “झालं तर.”

लंबू आत आला. “मास्तर, टायमिंग तुम्हीच लावलंत ना?”

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

“सकाळी मी लावलं, तेव्हा जाळ आला,” मास्तर म्हणाले. “आत्ताचं हिनं लावलंय. माझी बोटं कामातून गेलीत.”

लंबूचा हात मानेकडे गेला. तो लेकीकडे वळला.

“पुन्हा जाळ?”

“नाही येणार.”

मग त्यानं हेल्मेट चढवलं, आणि हनुवटीखालचा पट्टा ओढताना तिला म्हणाला, “लॅपटॉप घेऊन रांगेपर्यंत चल.”

गाडीबरोबर रांगेपर्यंत आजवर मास्तरच चालत जायचे. आज लेक गेली. शेड रिकामी झाली.

मास्तर टेबलावरचे पाने एकेक उचलून पुसू लागले. ते पुसलेलेच होते.