सकाळची गोळी घेऊ नये

मी एक फिल्म बोलतेय. सिनेमाची नव्हे हं! माझ्यात नट नाहीत की गाणी नाहीत. जन्मापासून तोंड काळं आणि अंगावर एकाच बाईच्या मेंदूची वीस चित्रं. उजेडासमोर धरल्याशिवाय मी कुणाला कळत नाही, आणि धरल्यावर तरी किती जणांना कळते कोण जाणे.

माझा जन्म इस्पितळाच्या तळमजल्यावरचा. थायरॉइडच्या रुग्णांच्या मेंदूत काय फरक पडतो, हे एक डॉक्टरीणबाई शोधत होत्या. त्यांनी बोलावलेल्यांपैकी एक माझी बाई. सूतगिरणीत तीस वर्षं मुकादम होती. मेंदूची चित्रं काढणाऱ्या त्या खडखडणाऱ्या मशीनमध्ये ती इतकी निश्चल पडली, की मशीन चालवणाऱ्याने विचारलं, "मावशी, झोपलात की काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, हलू नका," ती आतून म्हणाली.

सांगितलं की ऐकायचं, असा सरळ स्वभाव. तोच पुढे नडला.

डॉक्टरीणबाईंनी मला दिव्यासमोर धरलं. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात, जिथून इकडचे निरोप तिकडे जातात, तिथे चार बारीक ठिपके होते. "घाबरू नका. वर्षाने पुन्हा बघू," त्या म्हणाल्या. "ही फिल्म मात्र जपा. ताडून पाहायला लागेल."

इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने तपासणीआधी बाईला दिलेलीच चिठ्ठी माझ्या पाकिटाला टाचली. "पुढच्या वेळीही हेच," म्हणाला. चिठ्ठीत एकच ओळ होती: सकाळची थायरॉइडची गोळी घेऊ नये. तपासणीला रक्त द्यायचं होतं, तेवढ्या एका सकाळपुरती. पण हे सांगायला त्याला वेळ नव्हता. मागे रांग होती.

घरी बाईने मला स्वयंपाकघरात, गोळ्यांच्या बाटलीच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगलं. गिरणीत फलकावर कागद लागला, की नवा लागेपर्यंत तोच कायदा. दुसऱ्या दिवशी उठून तिने बाटलीला हात घातला, चिठ्ठी वाचली आणि हात मागे घेतला. तिसऱ्या दिवशीही तेच. अगं बाई, कालच संपली ती सूचना! पण मला ओरडायला घसा कुठला?

दोन-तीन महिन्यांत तिचं अंग सुजल्यासारखं दिसू लागलं. भर दुपारी शाल पांघरून बसायची. आवाज घोगरा झाला. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. तिचे यजमान थट्टेखोर, बस चालवून निवृत्त झालेले. "अगं, तुझी गाडी पहिल्या गिअरमध्येच अडकली की काय?" असं म्हणायचे. ती आधी हसायची. पुढे पुढे थट्टा कळायला वेळ लागायचा, आणि ती नुसती बघत राहायची.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, वय झालंय तिचं. चालायचंच." एकदा दूध तिसऱ्यांदा उतू गेलं, तेव्हा यजमान चिडून तिला आळशी म्हणाले. त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून मुकाट्याने रडली. मी तिच्या डोक्यावर लटकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मला त्या घराचा फार राग आला.

वर्ष भरलं. लेकीने आईला दोन्ही हातांनी धरून इस्पितळात आणलं. डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या नव्या बहिणीला शेजारी शेजारी लावलं. तिच्या अंगावर ठिपके मोजण्यापलीकडचे होते.

"गोळी चालू आहे ना?"

"नाही," बाई सावकाश म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिची मान ताठ झाली. "एक दिवस चुकले नाही. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटं केलं आणि ओळ वाचली. "हे सगळे ठिपके त्यानेच झाले, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळी रक्त देण्याच्या त्या एका सकाळपुरतीच थांबवायची होती हो... गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही."

यजमानांनी चिठ्ठी तिथेच टराटरा फाडली. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

सूज आता उतरलीय. बाकी फारसं काही परतलेलं नाही. मी त्याच खिळ्याला आहे. माणसांनो, आम्हाला उजेडात धरून काय शोधता? आधी माणसाला नीट सांगा, आणि त्याला काय कळलं तेही विचारा.

गोळी दिली की बाई अजूनही तोंड मिटून घेते; रोज मिनतवारी करून द्यावी लागते. म्हणून काल सकाळी यजमानांनी मोठ्या अक्षरांत नवा कागद लिहिला, 'गोळी रोज घ्यावी', आणि माझ्यावर टाचला. "बघ, नवी सूचना लागलीय. वाच बरं," ते म्हणाले.

ती जवळ आली. एकेका अक्षराखाली बोट फिरवत, शाळेतल्या पोरीसारखी मोठ्याने वाचू लागली.

"सकाळची... गोळी... घेऊ नये."

यजमान पाण्याचा पेला धरून तसेच उभे राहिले.