अर्धं पाऊल

मी वीट बोलतेय. काचेच्या कपाटातली, डावीकडून तिसरी. जरा थांबलात तर बरं वाटेल. बहुतेक लोक शेजारच्या सोन्याच्या मण्यांकडेच पळतात.

माझं वय हजारांत मोजतात. जन्म नदीकाठचा. विटा पाडणाऱ्या बाईने मला साच्यातून काढून आधीच्या विटेला, म्हणजे माझ्या बहिणीला, चिकटून वाळत घातलं आणि पाठ वळवली. तेवढ्यात तिची तीन वर्षांची लेक आमच्यावरून धावली. टाच माझ्यावर उमटली, बोटं बहिणीवर.

"अगं कार्टे, नजर हटली की झाला तुझा उद्योग सुरू!" बाई ओरडली. ती आम्हाला मोडून पुन्हा मळणार होती, पण नवरा हसला.

"राहू दे गं. आपल्याच उंबऱ्याला लावू दोघींना."

भट्टीतून निघालो आणि त्या घराच्या उंबऱ्यात शेजारी शेजारी बसलो. पोर येता-जाता आमच्यात पाय घालून बघायची. एक दिवस पाय मावेना. ती रडायला लागली, आई मात्र खूश. पुढे तिच्या मुलांनी, मग त्यांच्या मुलांनी आमच्यावर पाय ठेवून बघितले. कोण अजून लहान आणि कोण कामाला लावायच्या वयाचा, हे त्या घरात आम्ही ठरवायचो. एवढा मान कुठल्या विटेला मिळतो हो?

मग नदीने वाट बदलली. विहिरी आटल्या, एकेक घर उठून गेलं. निघताना एका म्हातारीने आमच्यावरून हात फिरवला. गाडीत आमच्यापुरती जागा नव्हती.

खूप काळ गेला. टेकडीपलीकडच्या गावातला एक माणूस घर बांधायला जुन्या विटा उकरत आला. बहिणीला उचललं आणि त्याची टोपली भरली. मला म्हणाला, "तुला उद्या नेतो." तो उद्याचा दिवस अजून उजाडायचाय.

शेवटी विद्वान आले. त्यांनी मला कुंचल्याने झाडलं, नंबर दिला आणि माझ्यावरच्या खळग्यावरून महिनाभर वाद घातला. पाटीवर लिहिलं, 'अर्धचंद्र, शुभचिन्ह'. चार विद्वान, चौघांनाही पाय होते, पण खाली कुणी बघितलं नाही.

गेल्या आठवड्यात दोन जावा आल्या होत्या. थोरली काचेला नाक लावून म्हणाली, "अगोबाई, ही तर टाच!"

"मावशी, चंद्र आहे तो. पाटी वाचा," रखवालदार म्हणाला.

"लिहिणाऱ्याला काय जातंय? चार पोरं वाढवलीत मी. ओल्या सिमेंटवरून पळालेलं पोर मला कळत नाही होय? अन् आमच्या मोरीत टाचा घासायला अशीच वीट आहे, तिच्यावर नुसती पाच बोटं. झिजत आलीत आता."

माझी बहीण!

"चला हो जाऊबाई, बस सुटेल," धाकटी म्हणाली. दोघी गेल्या. रखवालदाराने गावाचं नावसुद्धा विचारलं नाही.

म्हणून तुम्हाला थांबवलं. मला तिची फार आठवण येते. तुमच्या ओळखीत कुणाच्या मोरीत पाच बोटांची वीट असेल, तर सांगा, तिच्यावर टाचा घासू नका. तिची टाच इथे आहे, चंद्र होऊन बसलीय. आणि तिला इथे आणणं नाहीच जमलं, तर घरातल्या लहानग्याचा पाय तेवढा तिच्यावर ठेवून बघा. बोटं नीट बसली, की तिला आमचा उंबरा आठवेल.