मागचा

दाताच्या डॉक्टरांनी पदक खिडकीपाशी धरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सवयीने म्हणाले, "आ करा." मग जीभ चावली. दवाखाना बंद होऊन जमाना झाला होता, तोंडातली सवय मात्र गेली नव्हती.

इंग्रजांच्या मोहिमांची पदकं जमवायची आणि कडेवर ज्याचं नाव कोरलंय त्याची कुंडली शोधून काढायची, हा त्यांचा नाद. जिवंत पेशंटांची कधी विचारपूस केली नाही, आणि मेलेल्यांच्या चौकशा करत फिरतात, असं त्यांची बायको येईल त्याला ऐकवायची.

आज आलेल्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. पदक त्यांच्या वडिलांचं. भाऊ ते भंगारात टाकायला निघाला होता, कारण धड चांदीचंही नव्हतं. लढाईचं विचारलं की वडील एवढंच सांगायचे, "मी मागे होतो." गल्लीने तेच उचललं आणि त्यांचं नाव पाडलं, मागचा. शाळेत बाईंना सगळे म्हणायचे, मागच्याची पोरगी. बाप पळपुटा होता की नव्हता, हे मरण्याआधी एकदा कळावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

"गोड करून सांगू नका," त्या म्हणाल्या.

गोडाशी डॉक्टरांचा जन्माचा उभा दावा. त्यांनी सरळ सांगितलं की या पदकात चांदी शिपायाला, कांस्य बिनबंदुकीच्या माणसाला. बाईंनी मान खाली घातली.

"बंदूक नव्हती, ताई. पण हातात काय होतं ते कडेवर कोरलंय. बेअरर. जखमींचं स्ट्रेचर उचलणारा. आणि स्ट्रेचरला दोघं लागतात, एक पुढे, एक मागे."

बाईंना चटकन उमगलं नाही. डॉक्टरांनी गॅलरीतली घडीची खाट आणून उलगडली. बायकोने न सांगता उशी आणली आणि डोकं कुणीकडे, असं विचारलं.

"मागच्याकडे. जखमीला पाय पुढे करून नेतात. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला जखमीचं तोंड."

त्यांनी पुढची टोकं धरली, बाईंनी मागची. खाट हलकी होती. दोघं खोलीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. बाईंची नजर उशीवरून हलत नव्हती.

"मी झोपले की ते उशाशी बसून माझं तोंड बघायचे," त्या म्हणाल्या. "आई ओरडायची, पोर झोपली, उठा आता. तर म्हणायचे, श्वास चालू आहे ना, बघतो."

डॉक्टरांच्या बायकोने तोंड फिरवलं. डॉक्टरांची पाठ बाईंकडे होती, म्हणून त्यांचं निभावलं. खाट आता खाली ठेवू या, असं ते म्हणाले.

बाईंनी पकड घट्ट केली.

"चला तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी मागे आहे."