प्रार्थनेतलं काढलेलं वाक्य

"एकच वाक्य काढलंय," फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली. "बाकी प्रार्थना फार सुंदर आहे, मिस्टर लहू."

ती स्पीकरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या विधानसभेच्या अध्यक्षांच्या ऑफिसातून बोलत होती. इथे सभागृहाचं कामकाज प्रार्थनेनं सुरू होतं आणि ती म्हणायला बाहेरचा पाहुणा बोलावतात. मी एकवीस वर्षं सिटी बस चालवतोय. माझ्याच बसनं येणाऱ्या आमदारबाईंनी चौदा एप्रिलसाठी माझं नाव सुचवलं. मजकूर आधी पाठवायचा, हा नियम. मी पाठवला, आणि त्यावर कात्री चालली.

वाक्य असं होतं: 'माझी आई शीला भारतात शाळा झाडायची, पण तिथल्या माठाला हात लावायची तिला बंदी होती, जातीचा असा छळ या राज्यात कुणाच्या वाट्याला न येवो.'

"जातिभेदावर बंदी घालायचं बिल सभागृहापुढे आहे ना," बाई म्हणाली. "प्रार्थनेत राजकारण नको, असं स्पीकर म्हणतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई राजकारण कधीपासून झाली? वर, ते वाक्य वाचणार नाही, असं माझ्याकडून लेखी घेतलं.

"बाबा, कॅन्सल करा सरळ," मैत्री म्हणाली. "दे जस्ट वॉन्ट अ फोटो."

उपासना भाजी चिरता चिरता थांबली. "काही कॅन्सल नाही करायचं. नाही गेलात तर त्यांना बरंच होईल, अहो."

"आणि लिहून दिलंय त्याचं काय?" मी विचारलं.

"नका वाचू. पण जा."

चौदा तारखेला स्पीकरनं माझा हात दाबला, फोटो काढून घेतला आणि 'तुमचा समाज किती मेहनती' असं ऐकवलं. त्या हसऱ्या तोंडाचा मला संताप संताप झाला. मग त्यानं हातोडा आपटला. सगळं सभागृह मान खाली घालून उभं राहिलं. वर गॅलरीत पांढऱ्या साडीतली उपासना आणि शेजारी मैत्री, दोघी उभ्या होत्या.

मी वाचत गेलो. काढलेल्या वाक्याची जागा आली तिथे थांबलो. कुणीतरी खोकलं. काही माना वर झाल्या. प्रार्थना संपल्याशिवाय कुणाला बसता येईना.

"पुढे वाचा ना," स्पीकर माझ्याकडे झुकून कुजबुजला.

"पुढचं वाक्य माझ्याकडे नाही," मी माइकमध्येच म्हणालो. "ते तुमच्या ऑफिसनं काढलंय. माझ्या आईबद्दल होतं."

स्पीकर लालबुंद झाला. त्यानं हातोडा उचलला, पण प्रार्थना चालू असताना तो आपटायचा कसा, हे त्याला कळेना.

शंभरेक माणसं उभी होती. माझ्या आईसाठी ती मरेपर्यंत कुणी जागचं उठलं नव्हतं. मी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि तसाच उभा राहिलो.