रुपरावांची खुर्ची आणि मी

मित्रांनो, मी एक जुना डेस्क आहे. मुनीमजी मांडी घालून ज्याच्यापुढे बसतात तो बुटका डेस्क मात्र मी नव्हे. मी उंच आहे आणि माझ्यापुढे उभं राहूनच लिहावं लागतं. सध्या नागपुरातल्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात पडून आहे. माझ्या उतरत्या डोक्यावर पाचर लावून पाण्याचा माठ ठेवलाय, आणि येणारा-जाणारा चुन्याचं बोट माझ्याच अंगाला पुसतो. नावं ठेवायला आता माझ्यात त्राण नाही.

माझी सगळी हकिकत रुपरावांशी बांधलेली आहे. ते या कचेरीत कारकून. गाव पारशिवनीकडचं. वडील गावचे कोतवाल होते, आणि त्या काळी त्यांच्या जातीच्या माणसांनी पाटलापुढे, साहेबापुढे बसायची सोय नव्हती. ते जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या दाराशी उभे राहिले आणि एक दिवस गेले. मग तुळसाबाईंनी, म्हणजे रुपरावांच्या आईनं, लोकांच्या शेतात राबून पोराला शिकवलं. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून ती नागपूरला आली आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन गेली. पुढे पोराला नोकरी लागली तेव्हा तिनं घरोघरी सांगितलं, "माहा रुपराव खुर्चीवर बसते." पोराचा हुद्दा काय, काम काय, हे तिला कधी नीट कळलं नाही. खुर्ची तेवढी कळली होती.

पण त्या खुर्चीनंच रुपरावांचा घात केला. दिवसभर वाकून जाडजूड रजिस्टरं लिहायची. कंबर धरली ती धरलीच. संध्याकाळी उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उभं राहून लिहीत जा. अधूनमधून बसा, पण दिवसभर वाकू नका."

म्हणून शहराच्या महाल भागातल्या देवाजी मिस्त्रींनी मला घडवलं. त्यांनी रुपरावांना भिंतीशी ताठ उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरून माप घेतलं. सागाची उतरती फळी, पेन घरंगळू नये म्हणून काठाला पट्टी, आणि आळीपाळीनं एकेक पाय टेकवायला खाली आडवी दांडी. दुसऱ्या कुणासाठी नाही, फक्त रुपरावांच्या मापाचा मी झालो. याचा मला फार अभिमान वाटे.

मी कचेरीत आलो तेव्हा सगळे खो खो हसले. हेडक्लार्क मुकुंदराव म्हणाले, "काय रुपराव, मास्तरनं बाकावर उभं केलं का?" पण माणूस दिलदार, खिडकीजवळची उजेडाची जागा त्यांनीच मला दिली. हळूहळू रुपरावांची पाठ सरळ झाली. लिहिता लिहिता ते शीळ घालू लागले. जेवण जड झालं की मुकुंदरावसुद्धा माझ्यापाशी येऊन उभे राहत आणि म्हणत, "बुवा, मजा आहे यात!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

मग एका दुपारी तुळसाबाई आल्या. मरायच्या आधी पोराला खुर्चीवर बसलेला डोळे भरून पाहावा, एवढ्यासाठी ती माउली न कळवता एस.टी.नं आली होती. हातात लाखोळीच्या डाळीचं गाठोडं. ती दारात थांबली. सगळी कचेरी बसलेली, आणि तिचा रुपराव तेवढा उभा.

तिच्या हातातलं गाठोडं खाली पडलं.

"काहून गा रुपराव, तूच उभा काहून? तुले खुर्ची नाही देल्ली का यायनं?"

रुपराव धावत गेले. "माय, तसं नाही वं. खुर्ची हाय माही. थे पाह्य ना, रिकामी पडून हाय. बसलं का कंबर दुखते, म्हणून मीच हे बनवून घेतलं."

मुकुंदरावही उठले. "आई, खरं सांगतो, त्याला कुणी उभं केलं नाही."

तिनं मुकुंदरावांकडे पाहिलंही नाही. पदर तोंडाला लावून ती पोराला म्हणाली, "खोटं नको बोलू, बापू. तुहा बापबी घरी येऊन असंच म्हणे. मलेच उभं राहाले बरं वाटते, म्हणे."

रुपराव खुर्चीवर जाऊन बसले. तुळसाबाईंनी बराच वेळ त्यांना पाहिलं, डोळे पुसले आणि शेवटची गाडी पकडायला निघाल्या. मी ओरडून सांगणार होतो की बाई, मी शिक्षा नाही, मी औषध आहे. पण लाकडाला तोंड कुठलं?

त्या दिवसानंतर रुपराव माझ्याकडे आले नाहीत. आई पुन्हा केव्हा दारात उभी राहील, सांगता येत नव्हतं. त्यांची कंबर वर्षागणिक वाकत गेली. आधी पट्टा आला, मग काठी. मला लोकांनी व्हरांड्यात ढकललं.

गेल्या उन्हाळ्यात तुळसाबाई वारल्या. पोरगा खुर्चीवर आहे, या समाधानात गेल्या. तेराव्या-चौदाव्याचं काही नव्हतंच. बौद्ध रीतीनं परित्राण पाठ झाला आणि रुपराव कामावर आले. आल्या आल्या त्यांनी माझ्यावरचा माठ उतरवला, रुमालानं धूळ पुसली आणि माझ्यावर कोपरं टेकवायला गेले. टेकली नाहीत. माझी फळी त्यांच्या खांद्याला लागली.

शिपाई नत्थू पाहत होता. तो म्हणाला, "साहेब, आरी आणतो. याचे पाय कापले का बरोबर होईल."

"नको गा," रुपराव म्हणाले. "वाकलो मी. त्याचे पाय काहून कापतं?"

आणि माठ पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवून ते काठी टेकत खुर्चीकडे गेले.

मित्रांनो, मला इथून हलवा, पॉलिश करा, असं मी म्हणत नाही. तुम्ही मात्र पाठीचं दुखणं अंगावर काढू नका. कुणाला बरं वाटावं म्हणूनही नाही. आणि कुणी उभा दिसला तर त्याला विचारा, तू उभा आहेस की तुला उभं केलंय? तुळसाबाईंनीही विचारलं होतं. पण त्यांनी इतकं पाहिलं होतं की खऱ्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. पुढच्या कुणा आईचा तो बसावा, एवढं तुम्ही करा.